भीति आणि माया

भ्यालेल्या मनुष्याशीं कसें वागावें हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच चर्चिलेला आढळतो. धैर्य हा सद्गुण आणि भ्याडपणा हा दुर्गुण, इतकें सांगून ते ग्रंथ पुढें जातात. आणि जो भ्याला आहे त्याचें, त्याच्या घराचें व आप्तांचें काय करावयाचें, याचा निकाल ज्यानें त्यानें आपापल्या स्वभावाप्रमाणें लावावा असेंच जणु त्यांस अभिप्रेत असतें. व्यवहारांत हा निकाल दोन प्रकारांनीं लागतो. ज्यांचा स्वभाव कठोर ते भित्र्याची थट्टा करितात, नाहींतर त्याला पुढें ढकलून देतात; ज्यांचा स्वभाव मायाळू ते त्याच्या वाटेंतून भीतीचें कारणच उचलून बाजूला ठेवितात. अंधाराला भिणाऱ्या मुलाच्या उशाशीं रात्रभर दिवा, कुत्र्याला भिणाऱ्या मुलीला शाळेंत पोंचविण्यासाठीं लांबचा रस्ता, लिफ्टला भिणाऱ्या वडिलांसाठीं तळमजल्यावरचें बिऱ्हाड. पहिल्या वर्गाला आपण निर्दय म्हणतों आणि दुसऱ्याला दयाळू. या दुसऱ्या विशेषणाविषयीं आम्हांस शंका आहे, व ती वाचकांपुढें मांडावी एवढ्याचसाठीं हा लेख.

शंका घेण्यास कारण असें कीं, गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्राच्या एका शाखेनें भीतीवर जो उपाय सिद्ध केला आहे, तो या मायाळू रीतीच्या बरोबर उलट दिशेनें जाणारा आहे. इंग्रजींत त्यास ‘एक्स्पोझर थेरपी’ असें नांव आहे. आम्ही त्यास येथें संमुखोपचार म्हणूं. ज्या वस्तूचें, प्रसंगाचें किंवा विचाराचें भय वाटतें त्याच्या समोर मनुष्यानें आपण होऊन, पायरीपायरीनें व वारंवार जावें, आणि भीति वाटत असतांनाच तेथें थांबावें, हा त्याचा गाभा. ऐकावयास हें इतकें साधें वाटतें कीं, यांत शास्त्र तें काय, हें आमच्या आज्यांना ठाऊक नव्हतें काय, असें कोणीहि विचारील. आमचें उत्तर असें कीं, अर्धें ठाऊक होतें. आणि उरलेलें अर्धें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरांची फार हानि झाली आहे.

मंत्रचळ हा शब्द मराठी घरांत जुना आहे. त्याचा सोंवळ्याओंवळ्याशीं घोटाळा मात्र होऊं नये. सोंवळ्याला नियम असतो, आणि नियम पाळला कीं तें पुरें होतें. मंत्रचळाला पुरें होणें ठाऊक नाहीं. आमच्या माहितीच्या एका घरांत गृहिणीला हात अस्वच्छ राहिल्याची धास्ती बसली. प्रथम तीच एकटी हात धूत असे. पुढें बाहेरून आलेल्या मुलांनीं दारांतच कपडे बदलावे असें ठरलें. मग वर्तमानपत्र बंद झालें, कारण तें कोणाकोणाच्या हातांतून आलेलें असावयाचें. मग यजमानांनीं पैशाचें पाकीट बाहेरच्या कोनाड्यांत ठेवून, स्नान करूनच चहा घ्यावा असा प्रघात पडला. यांपैकीं कांहींहि कोणीं जुलमानें करविलें नाहीं. ती रडे, तिचे सोलवटलेले हात सर्वांना दिसत, आणि एवढ्यानें तिला बरें वाटत असेल तर आपलें काय जातें, असें प्रत्येक जण म्हणे. सहासात वर्षांनीं सारें घर तिच्या भीतीच्या चाकरीस लागलें होतें, आणि ती स्वतः पूर्वीपेक्षां अधिक भीत होती. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं लक्ष्यांत ठेवावें, कारण सर्व प्रश्न तेथेंच आहे. त्या घरांत मायेची वानवा नव्हती. ती असती तर कदाचित् दुखणें इतकें वाढतेंना.

असें कां व्हावें ? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मौरर यानें 1947 सालीं याची जी उपपत्ति मांडली तिचा गाभा समजण्यास सोपा आहे. भीति प्रथम जडते ती साहचर्यानें. एकदां कुत्रा चावला कीं कुत्र्याचें दर्शन आणि वेदना यांची मनांत गांठ पडते. परंतु ती वर्षानुवर्षें टिकते ती निराळ्या कारणानें. भीति ही स्वतःच एक वेदना आहे, आणि पळ काढतांच ती थांबते. हें थांबणें म्हणजे पळण्याला मिळालेली मजुरी होय, व जिला रोख मजुरी मिळते ती संवय सुटत नाहीं. शिवाय पळणाऱ्यास एक गोष्ट कधींच कळत नाहीं : न पळतां काय झालें असतें ? ताईत बांधला म्हणून वाघ आला नाहीं असें मानणाऱ्याला, या रानांत वाघ मुळींच नव्हता हें कळावयाचें तर एक दिवस ताईत घरीं ठेवून जावें लागेल. आणि तेंच तर त्याच्यानें होत नाहीं. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस अशी म्हण आहे. आमच्या मतें त्या राक्षसाला पाय नसतात. मनुष्य पळतो म्हणूनच तो पाठीशीं असल्यासारखा भासतो.

येथें विचारी वाचक म्हणेल, भीति ही जर भ्रांति असेल तर ती ज्ञानानें जावी. आपल्याकडे वेदान्त्यांचा रज्जुसर्पाचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. दिवा आणला, दोरी दिसली, साप नाहींसा झाला आणि त्याबरोबर भीतीहि. दृष्टान्त ज्या सिद्धान्तासाठीं योजला आहे त्यासाठीं तो अप्रतिम आहे. परंतु आम्ही ज्या भीतीविषयीं बोलत आहों तिला तो लागू पडत नाहीं. लिफ्टला भिणाऱ्या गृहस्थाला लिफ्ट कोसळत नाहीं हें तुमच्याइतकेंच ठाऊक असतें. किंबहुना लिफ्टला लोखंडी दोर किती असतात हेंहि तोच तुम्हांला सांगेल. दोरी ती दोरी हें त्याला पक्कें समजलेलें असतें, आणि तरीहि त्याचे पाय कांपतात. म्हणून त्याला समजावीत बसणें व्यर्थ असतें, आणि थोडें अपमानकारकहि. कारण समजावणारा असें गृहीत धरितो कीं, याला बुद्धि कमी आहे.

महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत या गोष्टीची फार प्रामाणिक साक्ष दिली आहे. लहानपणीं त्यांस चोर, भुतें आणि साप यांचें भय वाटे, व खोलींत दिवा असल्यावांचून त्यांस झोंप येत नसे. पुढें विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. 1891 सालीं परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत ममीबाई नांवाच्या बाईच्या वतीनें ते पहिला खटला चालविण्यास उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची, तों तोंडांतून शब्द फुटेना. तीस रुपये फी घेतली होती, ती परत करून, दुसरा वकील पहा असें सांगून ते बाहेर पडले. कायदा त्यांस येत नव्हता असें नव्हे. पुढें 1893 सालीं प्रिटोरिया येथें तेथील हिंदी व्यापाऱ्यांपुढें, व्यापारांतील सत्य या विषयावर, त्यांनीं आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण म्हणण्याजोगें भाषण केलें. या दोहोंमध्यें त्यांच्या ज्ञानांत कांहीं भर पडली म्हणून हें झालें, असें आम्हांस वाटत नाहीं. बोलण्याजोगें कांहींतरी समोर उभें राहिलें, आणि भीति तशीच असतांना ते बोलले. त्यांनीं पुढें असेंहि लिहून ठेविलें आहे कीं, दक्षिण आफ्रिकेंत हा बुजरेपणा कमी झाला तरी पुरता कधींच गेला नाहीं. हा कबुलीजबाब आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्याकडे आम्ही पुन्हां वळणार आहों.

भयाच्या समोर थांबण्याची कल्पना मात्र गेल्या शतकांतली नव्हे. मज्झिम निकायांतील भयभेरव सुत्तांत बोधिप्राप्तीपूर्वींचा एक अनुभव बुद्धाच्या मुखीं घातला आहे. पक्षांतल्या ठराविक रात्रीं तो मुद्दाम भयाण वनांत आणि चैत्यांपाशीं जाऊन राही. एकादें जनावर जवळ येई, मोर काटकी मोडी, वाऱ्यानें पाचोळा सळसळे, आणि अंगावर कांटा येई. तेव्हां त्यानें ठरविलें तें असें : ही भीति मला चालत असतांना आली, तर ती जाईपर्यंत मी चालतच राहीन, उभा राहणार नाहीं, बसणार नाहीं, आडवा होणार नाहीं. उभा असतां आली तर उभाच राहीन. अर्वाचीन चिकित्सकानें जें सांगावयाचें तें यांत जवळजवळ सगळें आलें आहे. भय आल्यामुळें आपली स्थिति बदलूं द्यावयाची नाहीं, इतकाच तो नियम.

युरोपांत जॉन लॉक यानें 1693 सालीं शिक्षणावरील आपल्या ग्रंथांत बेडकाला भिणाऱ्या मुलाचा विचार केला आहे. दुसऱ्यानें बेडूक धरून लांब ठेवावा, मुलाला आधीं नुसता पाहूं द्यावा, मग जवळ जाऊं द्यावें, मग दुसऱ्याच्या हातांत असतां हळूच शिवूं द्यावें. गटेनें तर हा प्रयोग स्वतःवरच केला. 1770-71 मध्यें स्ट्रास्बुर्ग येथें शिकत असतां त्याला उंचावर घेरी येई; तेव्हां तेथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर तो एकटा चढे, शिखराखालीं पाव तास बसे, आणि मग कठडा नसलेल्या हातभर जागेवर मोकळ्या हवेंत उभा राही. हें त्यानें पुनःपुन्हां केलें, तों शेवटीं त्याचें कांहींच वाटेनासें झालें. पुढें डोंगर चढतांना याचा आपणांस मोठा उपयोग झाला असें तो आत्मचरित्रांत सांगतो. तरुणपणीं असें करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले कांहीं खालींहि पडतात. म्हणून गटेचें अनुकरण आम्ही कोणाला सुचवीत नाहीं.

आतां ज्या दोन मुलांच्या गोष्टीनें या विषयाला शास्त्राचें रूप आलें त्यांकडे वळूं. 1920 सालीं जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनीं बाल्टिमोर येथें केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अल्बर्ट या नांवानें ओळखलें जाणारें, सुमारें अकरा महिन्यांचें एक शांत मूल त्यांनीं निवडलें. त्याला पांढऱ्या उंदराची भीति नव्हती. उंदीर दिसला कीं तें हात पुढें करी. तें हात पुढें करूं लागलें कीं त्याच्या डोक्यामागें पोलादी कांबेवर हातोडा हाणावयाचा, असा क्रम ठेवला. थोड्याच वेळां असें झाल्यावर मूल नुसत्या उंदराला पाहून रडूं लागलें, आणि मग सशाला, कुत्र्याला, लोकरीच्या कोटालाहि भिऊं लागलें. भीति शिकवितां येते हें सिद्ध झालें. ती घालविण्याचा प्रयत्न मात्र झाला नाहीं. मूल त्यापूर्वींच रुग्णालयांतून निघून गेलें. आजच्या काळांत असा प्रयोग करूं दिला जाणार नाहीं, हें योग्यच आहे. परंतु वॉटसनला दोष देऊन आपण मोकळें होऊं नये. मुलानें जेवावें म्हणून बागुलबुवा बोलावणाऱ्या आणि झोंपावें म्हणून पोलिसाला हांक मारणाऱ्या घरांत तोच हातोडा रोज वाजत असतो, आणि तेथें वृत्तान्त लिहिण्यासहि कोणी नसतें.

चार वर्षांनीं, 1924 सालीं, मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची हकीगत लिहिली. हा मुलगा सशाला, उंदराला, लोकरीला, कापसाला सुद्धां भीत असे. प्रथम त्याला सशाला न भिणाऱ्या मुलांच्या संगतींत खेळूं दिलें, आणि त्याची प्रगति होऊं लागली. मध्येंच त्याला लाल ताप येऊन दोन महिने रुग्णालयांत जावें लागलें. आणि बरा होऊन परततांना एक मोठा कुत्रा अंगावर धांवून आला. झालें, सगळी कमाई बुडाली. तेव्हां जोन्सबाईंनीं पुन्हां आरंभ केला. पीटर उंच खुर्चींत बसून आवडीचें खात असतांना पिंजऱ्यांतला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणावयाचा. तो घाबरून खाणें टाकणार नाहीं इतक्याच अंतरावर. दुसऱ्या दिवशीं थोडा अलीकडे. शेवटीं ससा मोकळा त्याच्या जवळ आला, आणि मुलगा त्याला आपलीं बोटें कुरतडूं देऊं लागला. वॉटसनचें नांव मोठें आहे. आमच्या मतें त्याहून मोठा मान या बाईचा आहे. कारण तिनें सशाला किती जवळ आणावयाचें हें मुलाच्या तोंडाकडे पाहून ठरविलें.

यापुढचा इतिहास आम्ही थोडक्यांत सांगतों. दक्षिण आफ्रिकेंतील जोसेफ वोल्पे या वैद्यानें दुसऱ्या महायुद्धांत घाबरगुंडी उडालेल्या सैनिकांस औषधें देऊन पाहिलीं, व त्यांनीं समाधान न होऊन मांजरांवर प्रयोग केले. ज्या पिंजऱ्यांत विजेचे धक्के बसले तेथें मांजरें उपाशी असूनहि खात नसत. त्यांना त्या खोलीशीं थोडें साम्य असलेल्या खोलींत, मग अधिक साम्य असलेल्या खोलींत खाऊं घालीत घालीत त्यानें पुन्हां पिंजऱ्यांत आणलें. 1958 सालच्या त्याच्या ग्रंथानें मनुष्याच्या भीतीची पायऱ्यापायऱ्यांची यादी करण्याची पद्धति सर्वत्र पोंचविली. तो प्रत्येक पायरीवर शरीर सैल सोडावयास शिकवी. पुढें असें आढळलें कीं, तें सैल सोडणें सोयीचें असलें तरी अवश्य नाहीं, समोर जाणें हेंच खरें औषध. 1966 सालीं लंडन येथें व्हिक्टर मेयर यानें मंत्रचळाच्या रोग्यांवर हा उपाय चालविला, आणि त्याला एक अट जोडली : घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावावयाचा, आणि मग हात धुवावयाचे नाहींत. यापूर्वीं हा रोग जवळजवळ असाध्य समजला जाई. मेयर व त्याचे सहकारी यांनीं 1974 सालीं 15 रोग्यांची हकीगत दिली, तींत 10 जण पुष्कळच सुधारल्याचें नमूद आहे. आतां तर कांहीं विशिष्ट वस्तूंच्या भीतीसाठीं एकाच बैठकीचा उपाय आहे. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यानें 1989 सालीं मांडलेल्या या पद्धतींत ती बैठक फार तर तीन तासांची असते. ज्याला आपलें हृदयच बंद पडेल असें भय वाटतें त्याला, वैद्यानें हृदय निर्दोष असल्याची खात्री करून घेतल्यावर, जिना भराभर चढावयास लावितात किंवा खुर्चीवर गरगर फिरवितात. धडधड म्हणजे मरण नव्हे हें त्याच्या छातीलाच कळावें लागतें.

परंतु या उपायानें नेमकें काय होतें, याविषयीं एक गैरसमज आहे. भीति झिजते, दगडाची धार झिजावी तशी, असें लोकांस वाटतें. तसें होत नाहीं. पाव्हलव्हच्या प्रयोगांत खुणेचा आवाज करून पुढें अन्न दिलेंच नाहीं असें वारंवार झालें, कीं कुत्र्यांच्या तोंडास पाणी सुटेनासें होई. परंतु मध्यें कांहीं काळ जाऊं दिला कीं त्याच आवाजाला पुन्हां सुटे. म्हणजे जुना धडा पुसला गेला नव्हता, त्याच्या शेजारीं नवा लिहिला गेला होता. भीतीचेंहि तसेंच. ‘कुत्रा चावतो’ हा धडा मनांत राहतोच. ‘हा कुत्रा आला, आणि चावला नाहीं’ असे दुसरे धडे त्याच्या भोंवतीं इतके लिहावे लागतात कीं, प्रसंग पडला असतां तेच आधीं हातीं लागावेत. म्हणूनच आजचे चिकित्सक एकाच खोलींत सराव करून थांबत नाहींत. घरीं, रस्त्यांत, सकाळीं, रात्रीं, सोबतीनें आणि एकट्यानें तो करवितात. आरंभीं रोग्याला विचारतात, काय होईल असें तुम्हांस वाटतें. आणि शेवटीं, प्रत्यक्ष काय झालें. या दोहोंतील अंतर जितकें मोठें तितका धडा पक्का. खिशांत ‘वेळ पडली तर’ म्हणून ठेवलेली गोळी ती न घेतांहि हा धडा बिघडविते, कारण वांचल्याचें श्रेय तिच्याकडे जातें. गांधींचा बुजरेपणा पुरता गेला नव्हता, पीटरची भीति एका कुत्र्यानें परत आणली, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. या शास्त्रानें निर्भय मनुष्य घडविण्याचें वचन कधीं दिलेलें नाहीं. भीत असलेल्या मनुष्याला दार उघडून बाहेर पडतां यावें, इतकेंच तें म्हणतें. आणि आम्हांस तें कमी वाटत नाहीं.

आतां नीतीचा प्रश्न. एकाद्या कांपणाऱ्या मनुष्याला त्याच्या भयासमोर उभें करणें हें क्रौर्य नव्हे काय ? पहिल्या वर्गांतील कठोर मंडळी यावर खूष होऊन म्हणतील कीं, आम्ही तेंच सांगत होतों, ढकलून द्या. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आपल्या खेड्यांत पोहावयास शिकविण्याच्या दोन रीति आहेत. पाठीला भोपळा बांधून, पायऱ्यांवरून हळूहळू, आधीं कमरेएवढ्या पाण्यांत, ही एक. आणि विहिरीच्या कांठावर उभ्या असलेल्या पोराला मागून ढकलणें ही दुसरी. दुसऱ्या रीतीनेंहि कांहीं पोरें पोहूं लागतात, आणि तींच मोठेपणीं ती गोष्ट हांसत सांगतात. जीं पुन्हां जन्मांत विहिरीजवळ गेलीं नाहींत तीं सांगावयास पुढें येत नाहींत. शिवाय ढकललेल्या मुलाला पाण्याखेरीज आणखी एका गोष्टीची भीति जडते : ज्या हातावर विश्वास होता त्या हाताची. संमुखोपचार आणि छळ यांत बाहेरून पाहिलें तर फारसा भेद दिसत नाहीं. दोहोंत मनुष्य घामाघूम झालेला असतो. भेद इतकाच कीं, एकांत पुढचें पाऊल कोणीं टाकावयाचें हें तोच ठरवितो, आणि नाहीं म्हणण्याचा त्याचा हक्क शेवटपर्यंत शाबूत असतो. मेयरच्या रोग्यांवर दिवसभर परिचारिकांची नजर असे, इतकी कीं आज तें वाचतांना आम्हांस थोडें अवघडल्यासारखें होतें. परंतु तींहि माणसें उपायाला कबूल होऊनच आलीं होतीं. आणखी एक रीत या मंडळींत आहे, ती आम्हांस फार आवडते. ज्या कचऱ्याच्या पेटीला रोग्यानें हात लावावयाचा, तिला पुष्कळदां चिकित्सक स्वतः आधीं हात लावितो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो आम्हांस खरा वाटतो. सगळ्याच भीति खोट्या नसतात. अत्याचाराच्या आठवणीनें ग्रासलेल्या स्त्रियांस एडना फोआ यांच्या पद्धतींत ती आठवण डोळे मिटून, आतां घडत असल्याप्रमाणें, मोठ्यानें सांगावयास लावितात, आणि त्याचें ध्वनिमुद्रण घरीं पुनःपुन्हां ऐकावयास देतात. हें कठीण आहे, परंतु न्याय्य आहे; कारण आठवण कितीहि भयंकर असली तरी ती आतां मारूं शकत नाहीं. पण जिचा मारणारा नवरा रोज संध्याकाळीं घरीं येतो, तिला हा उपाय कोणत्या तोंडानें सांगावा ? तिची भीति हा रोग नव्हे, ती बातमी आहे. ज्या गांवांत घोड्यावरून नवऱ्या मुलाची वरात काढली म्हणून विशिष्ट जातीच्या लोकांवर दगड पडतात, तेथील तरुणाच्या मनांतली धडकी घालविण्यासाठीं मानसशास्त्रज्ञ पाठविणें म्हणजे गुन्हेगाराला सोडून फिर्यादीवर उपचार करणें होय. तेव्हां कोणाची भीति घालविण्यापूर्वीं ती खरें सांगत आहे कीं खोटें, याचा तपास केलाच पाहिजे. तो तपास करण्याची जबाबदारी भ्यालेल्यावर टाकून चालत नाहीं. कारण आंतून पाहिलें असतां दोन्ही भीति अगदीं सारख्याच दिसतात.

असा तपास होऊन भीति खोटी ठरली, तरी घरच्यांनीं काय करावें हें उरतेंच. येल विद्यापीठांतील एली लेबोवित्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं 2020 सालीं प्रसिद्ध केलेली एक पाहणी या दृष्टीनें आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. भीतीनें पछाडलेलीं 124 मुलें त्यांनीं घेतलीं. कांहींवर नेहमींप्रमाणें प्रत्यक्ष उपचार केला. बाकीच्यांच्या बाबतींत चिकित्सक मुलांस भेटलेहि नाहींत, केवळ त्यांच्या आईबापांशीं बोलत राहिले. दोन्ही गटांचा गुण सारखाच आला. आईबापांस मुलाला कांहीं करावयास लावा असें सांगितलें नव्हतें. तुम्ही स्वतः त्याच्या भीतीसाठीं जें जें करितां तें एकेक करून कमी करा, एवढेंच सांगितलें होतें. आणि तें करितांना दोन गोष्टी एका दमांत बोला : तुला फार भीति वाटते हें आम्हांस कळतें, आणि ती तुला सोसवेल अशी आमची खात्री आहे. पहिलें वाक्य कठोर लोकांच्या तोंडीं येत नाहीं. दुसरें मायाळू लोकांच्या तोंडीं येत नाहीं, आणि तेंच न आल्यामुळें त्यांच्या दिव्याचा, लांबच्या रस्त्याचा, पुनःपुन्हां दिलेल्या ग्वाहीचा अर्थ मुलाच्या मनांत असा होतो कीं, आईलासुद्धां धोका दिसत आहे.

आम्ही मायेच्या विरुद्ध आहों असें कोणीं समजूं नये. दिवा लावणें सोपें आहे, कारण दिवा लावला कीं रडें थांबतें, आणि तें थांबलें कीं आईचेंहि मन निवतें. म्हणजे पळण्याची मजुरी दोघांनाहि मिळते. अंधाऱ्या खोलीच्या उंबरठ्यावर बसून, आंत न जातां आणि उठूनहि न जातां, मुलाचें रडें ऐकणें हें तिच्यासाठीं तिचें स्वतःचें भय आहे, आणि त्यासमोर तिला थांबावयाचें असतें. हें काम ठरवून करावें लागतें. मुलाला दिवसाउजेडीं सांगावें लागतें, कीं सोमवारपासून ‘दार लावलें का’ या प्रश्नाला रात्रीं एकदांच उत्तर मिळेल. घरांतील वडील मंडळींसहि तें कबूल करवून घ्यावें लागतें, कारण आजीनें हळूच दुसऱ्यांदा उत्तर दिलें कीं सगळें व्यर्थ. पहिले कांहीं दिवस मूल पूर्वीपेक्षां अधिक रडतें, अधिक वेळां विचारतें. हें आईबापांस आधींच सांगून ठेवावें लागतें, नाहींतर तिसऱ्या रात्रीं तीं उठून दिवा लावितात.